रंगांना रांगेत उभं करणारा त्स्वेत

हॉस्टेलवर कुणाला ताप आला की सगळ्यात आधी काय शोधलं जातं? थर्मामीटर नव्हे, तर शेजारच्या खोलीतली पॅरासिटॅमॉलची स्ट्रिप! स्ट्रिपवर ५०० मि.ग्रॅ. असं छापलेलं असतं. आपण पाण्याबरोबर गोळी घेतो आणि पांघरूण ओढून झोपतो. आत खरंच ५०० मि.ग्रॅ. औषध आहे, की ३०० च आहे, की भलतंच काही आहे, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. कारण तो आपल्या आधी दुसऱ्या कुणीतरी सोडवलेला असतो. कंपनीच्या लॅबमध्ये बॅचमधल्या काही गोळ्या कुटून, विरघळवून त्यातलं औषध मोजलेलं असतं. बऱ्याच औषधांसाठी हे मोजमाप ज्या मशिनवर होतं, त्याचं नाव एचपीएलसी, म्हणजे हाय परफॉर्मन्स लिक्विड क्रोमॅटोग्राफी.

फार्मसीवाल्या मित्रांच्या तोंडात हे नाव दिवसातून दहा वेळा असतं. आपण मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रॉनिक्सवाले मात्र ते ऐकून सोडून देतो. पण मित्रांनो, या मशिनच्या मुळाशी जो माणूस आहे त्याची गोष्ट प्रत्येक इंजिनिअरने वाचावी अशी आहे. हा माणूस ना डॉक्टर होता, ना औषधवाला, ना केमिस्ट. तो होता झाडापानांचा अभ्यास करणारा एक बॉटनिस्ट. नाव मिखाईल सेम्योनोविच त्स्वेत. रशियन भाषेत त्स्वेत म्हणजे रंग. आणि याने आयुष्यभर केलं काय, तर रंग वेगळे केले. नावाप्रमाणे काम करणारी माणसं क्वचितच असतात, त्यातला हा एक!

आईविना वाढलेला मुलगा

मिखाईलचा जन्म १४ मे १८७२ रोजी इटलीतल्या आस्ती या गावी झाला. वडील सेम्योन हे रशियन सरकारी अधिकारी, आई मारिया इटालियन. नवराबायको प्रवासात असतानाच बाळाचा जन्म झाला आणि थोड्याच दिवसांत आई वारली. वडिलांना नोकरीसाठी रशियाला परतणं भाग होतं. नाजूक प्रकृतीचं ते बाळ स्वित्झर्लंडमध्ये लोझानला एका दाईकडे ठेवण्यात आलं. त्यामुळे मिखाईल वाढला तो लोझान आणि जिनिव्हामध्ये, फ्रेंच बोलत. घरची भाषा एक आणि शिक्षणाची भाषा दुसरी, ही कसरत काय असते ते आमच्यासारख्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांना वेगळं सांगायला नको.

१८९१ मध्ये त्याने जिनिव्हा विद्यापीठात प्रवेश घेतला. फिजिक्स, केमिस्ट्री आणि बॉटनी अशा तिन्ही विषयांची त्याला गोडी होती. शेवटी त्याचं मन रमलं ते वनस्पतींच्या पेशींमध्ये. १८९६ मध्ये त्याला जिनिव्हा विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. वय अवघं २४. युरोपात कुठेही चांगली नोकरी मिळाली असती. पण वडिलांच्या देशाची ओढ म्हणा किंवा आणखी काही, त्याच वर्षी तो रशियाला, सेंट पीटर्सबर्गला गेला.

आणि तिथे पहिला धक्का बसला. रशियात परदेशी डॉक्टरेट मान्य नव्हती! विद्यापीठात शिकवायचं असेल तर रशियन विद्यापीठाची मास्टर्स आणि मग डॉक्टरेट परत करा, असा नियम. म्हणजे आपल्याकडे डिग्री घेऊन आलेल्या माणसाला पुन्हा फर्स्ट इयरला बसवण्यासारखंच झालं. दुसरा कुणी असता तर चिडून परत गेला असता. त्स्वेत राहिला. मिळेल ते काम केलं, लॅबमध्ये जागा मिळेल तिथे प्रयोग केले, मुलींच्या शिक्षणवर्गात शिकवलं आणि १९०१ मध्ये कझान विद्यापीठातून मास्टर्स केली. या दुसऱ्यांदा केलेल्या डिग्रीच्या अभ्यासातच त्याला त्याच्या आयुष्याचा प्रश्न सापडला.

पानाचं कोडं

प्रश्न अगदी साधा होता. आमचं मेढ्याचं उदाहरण घेते. पावसाळ्यात वेण्णेच्या काठची भातखाचरं पाहिली तर नजर जाईल तिथे एकच हिरवा रंग दिसतो. दिवाळीच्या सुमारास तीच खाचरं पिवळी पडतात. हा पिवळा रंग कुठून बाहेरून येत नाही. तो पानात आधीपासून असतो, हिरव्याच्या आड लपलेला. हिरवं द्रव्य मोडलं की पिवळं दिसू लागतं. म्हणजे पानाचा हिरवा हा एक रंग नाहीच, ते रंगांचं मिश्रण आहे. पण त्यात नेमके किती रंग? दोन? चार? आणि ते एकमेकांपासून सुटे कसे करायचे?

त्या काळी केमिस्ट लोक पानाचा अर्क काढायचे आणि त्यावर आम्ल, अल्कली, उष्णता असे नाना प्रयोग करायचे. त्यात अडचण अशी की रंगद्रव्यं फार नाजूक. इतकी ओढाताण केली की ती बदलून जात. शेवटी हातात जे येई ते पानातलं मूळ द्रव्य, की प्रयोगात तयार झालेलं नवंच काही, हेच कळत नसे.

त्स्वेतला एक विचित्र गोष्ट दिसली. वाळवलेली पानं पेट्रोलियम ईथरमध्ये टाकली तर फक्त पिवळं कॅरोटीन बाहेर येतं, हिरवं द्रव्य येत नाही. पण एकदा बाहेर काढलेलं हिरवं द्रव्य त्याच ईथरमध्ये मस्त विरघळतं! मग आधी का नाही आलं? थोडंसं अल्कोहोल घातलं की मात्र सगळे रंग बाहेर येतात. इतरांनी याचा अर्थ असा लावला होता की अल्कोहोलमुळे द्रव्य बदलतं. त्स्वेतने वेगळा विचार केला. हिरवं द्रव्य न विरघळणारं नाही, तर पानाच्या आतल्या पृष्ठभागाला चिकटून बसलेलं आहे. अल्कोहोल त्याची पकड सोडवतं, बस. हे खरं का ते बघायला त्याने साधा फिल्टर पेपर घेतला, त्यावर रंगद्रव्यं चढवली आणि परत ईथरने धुऊन पाहिलं. पानाने जे केलं तेच कागदाने केलं. कॅरोटीन सुटलं, हिरवं चिकटून राहिलं.

इथेच त्याच्या डोक्यात ठिणगी पडली. प्रत्येक रंगाची चिकटण्याची ताकद वेगवेगळी असेल, तर त्या फरकावरच त्यांना वेगळं करता येईल. ना आम्ल, ना उष्णता. नुसतं चिकटणं आणि सुटणं.

वॉर्साची काचेची नळी

१९०२ पासून त्स्वेत वॉर्साच्या विद्यापीठात होता. वॉर्सा तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. तिथे त्याने एक अरुंद काचेची नळी घेतली, तिच्यात खडूची म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची बारीक पूड घट्ट भरली, वरून पानाचा अर्क ओतला आणि त्यामागोमाग स्वच्छ द्रावक सोडत राहिला. नळीत रंगांचे पट्टे उमटले. हिरवे दोन, एक निळसर हिरवा आणि एक पिवळट हिरवा. पिवळे एकाहून जास्त. कॅरोटीन सर्वांत पुढे धावत होतं. प्रत्येक रंग आपापल्या जागी, रांगेत!

हे कसं होतं ते समजायला आठवडे बाजार आठवा. दोन मित्र एकाच वेळी बाजारात शिरले. एक जण प्रत्येक दुकानापुढे थांबतो, भाव विचारतो. दुसऱ्याला काहीच घ्यायचं नाही, तो सरळ चालतो. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला दोघं वेगवेगळ्या वेळी पोचणार. नळीतली पूड म्हणजे दुकानं, वाहणारं द्रावक म्हणजे रस्त्यावरचा लोंढा आणि रंगद्रव्यं म्हणजे हे मित्र. बाजार जितका लांब, तितकं दोघांतलं अंतर जास्त. क्रोमॅटोग्राफीची सगळी पुस्तकं या एका गोष्टीवर उभी आहेत.

२१ मार्च १९०३ रोजी वॉर्साच्या निसर्गअभ्यासकांच्या सभेत त्स्वेतने या कल्पनेवर व्याख्यान दिलं. जुन्या रशियन कॅलेंडरप्रमाणे ती तारीख ८ मार्च होती. १९०६ मध्ये जर्मन बॉटनी सोसायटीच्या नियतकालिकात त्याचे दोन लेख आले आणि त्यात या पद्धतीला त्याने नाव दिलं, क्रोमॅटोग्राफी. ग्रीकमध्ये क्रोमा म्हणजे रंग, ग्राफी म्हणजे लिहिणं. रंगांचं लिखाण. आता त्यात त्याने गुपचूप स्वतःचं आडनावही बसवलं होतं का, यावर लोक आजही गमतीने चर्चा करतात!

पण माझ्या मते त्स्वेतचं खरं मोठेपण नळीत नाही, ते त्याच्या चिकाटीत आहे. खडूची पूड चालली म्हणून तो थांबला नाही. त्याने शंभराहून जास्त वेगवेगळ्या पुडी तपासल्या. कुठली पूड किती धरते, कुठली द्रव्याला बिघडवते, पूड किती बारीक हवी, द्रावक कुठलं हवं, हे सगळं त्याने तपासून लिहून ठेवलं. पुडीने द्रव्य फक्त धरून ठेवावं, त्यात केमिकल बदल करू नये, ही अट त्याने घातली. आणि आणखी एक गोष्ट त्याने तेव्हाच सांगून ठेवली. ही पद्धत फक्त रंगीत द्रव्यांसाठी नाही, रंगहीन द्रव्यंही याच नियमाने वेगळी होतील. आपल्या पांढऱ्या गोळीतलं औषध आज मोजलं जातं ते या एका वाक्याच्या जोरावर.

नाव मोठं, की प्रयोग?

१९०७ मध्ये त्स्वेतने बर्लिनला जर्मन बॉटनी सोसायटीपुढे आपली नळी आणि रंगांचे पट्टे प्रत्यक्ष दाखवले. इतका स्वच्छ पुरावा पाहिल्यावर जगाने त्याला डोक्यावर घ्यायला हवं होतं. झालं उलटंच.

क्रॅकोचे प्रोफेसर मार्खलेव्स्की हे तेव्हा हरितद्रव्याच्या केमिस्ट्रीतलं मोठं नाव. एका बॉटनिस्टने साध्या गाळण्याच्या प्रयोगावरून आपल्या क्षेत्रात येऊन सुधारणा सांगाव्यात हे त्यांना पटलं नाही. दोघांत लेखांमधून कडाक्याचं भांडण झालं. त्स्वेतही काही मवाळ नव्हता. त्यानेही तिखट उत्तरं दिली आणि त्यामुळे मित्र कमी, विरोधक जास्त झाले.

त्याहून मोठा फटका बसला तो रिशार्ड विलश्टेटर यांच्याकडून. विलश्टेटर म्हणजे जर्मन केमिस्ट्रीतला दिग्गज, हरितद्रव्यावरच्या कामासाठी १९१५ चं नोबेल मिळवणारा. त्यांच्याकडे त्स्वेतची पद्धत वापरून पाहिली गेली, पण नळीत हरितद्रव्य बिघडतं असा अनुभव आला. मग ही पद्धत कामाची नाही असा समज पसरला. गंमत अशी की चुकीची पूड घेतली तर द्रव्य बिघडतं, हे त्स्वेतने स्वतःच सांगितलेलं होतं! सौम्य पूड हवी हीच तर त्याची अट होती. अट बदलली, निकाल बदलला आणि दोष पद्धतीच्या माथी आला.

आणखीही कारणं होती. त्या काळातल्या केमिस्टना हातात चांगले मूठभर स्फटिक लागत. नळीतल्या चिमूटभर रंगावर त्यांचा विश्वास बसेना. शिवाय त्स्वेतचा सगळ्यात मोठा ग्रंथ, वनस्पती आणि प्राण्यांतल्या रंगद्रव्यांवरचा, १९१० मध्ये निघाला तो रशियन भाषेत. पश्चिम युरोपात तो वाचणार कोण? त्या ग्रंथावर त्याला वॉर्सात रशियन डॉक्टरेट मिळाली, म्हणजे पहिल्या डॉक्टरेटनंतर चौदा वर्षांनी दुसरी. १९११ मध्ये रशियन विज्ञान अकादमीने बक्षीसही दिलं. पण जिथे वाद चालला होता तिथे त्याचा आवाज पोचलाच नाही.

वणवण

१९०७ मध्ये त्स्वेतचं हेलेनाशी लग्न झालं. १९०८ पासून तो वॉर्सा पॉलिटेक्निकमध्ये शिकवू लागला. हो, पॉलिटेक्निकमध्ये, म्हणजे आपल्यासारख्याच इंजिनिअरिंगच्या मुलांना! दिवस जरा बरे आले होते, तोच १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. १९१५ मध्ये जर्मन सैन्य वॉर्सात शिरलं. पॉलिटेक्निक हलवावं लागलं, आधी मॉस्कोला, मग १९१६ मध्ये निझ्नी नोव्हगोरोदला. प्रयोग बाजूला राहिले आणि सामान हलवणं, कॉलेज पुन्हा उभं करणं यातच त्याची शक्ती खर्च झाली.

१९१७ मध्ये त्याला आयुष्यात प्रथमच हवी तशी जागा मिळाली. युर्येव विद्यापीठात, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या टार्टूमध्ये, बॉटनीचा प्रोफेसर आणि बॉटनिकल गार्डनचा संचालक म्हणून. वय ४५. पण १९१८ मध्ये जर्मन सैन्य तिथेही पोचलं. पुन्हा स्थलांतर, या वेळी व्होरोनेझला. तब्येत आधीच खालावलेली, त्यात रशियात यादवी आणि उपासमार. २६ जून १९१९ रोजी व्होरोनेझमध्ये त्स्वेत वारला. वय फक्त ४७.

१९१८ मध्ये केमिस्ट्रीच्या नोबेलसाठी त्याचं नाव सुचवलं गेलं होतं. ते सुचवलं ग्रोनिंगेनच्या एका डच बॉटनिस्टने. बक्षीस मिळालं नाही आणि वर्षभरात माणूसच गेला.

दहा-बारा वर्षांनी पुन्हा जन्म

त्स्वेत गेल्यावर त्याची पद्धत अगदीच मेली नाही. अमेरिकेत लेरॉय पामर या शास्त्रज्ञाने दुधातला, लोण्यातला पिवळा रंग तपासताना ती वापरली आणि १९२२ मध्ये आपल्या पुस्तकात तिचं वर्णन केलं. स्वित्झर्लंडमध्येही एकदोघं ती वापरत. पण मोठ्या केमिस्ट्रीच्या जगात तिला किंमत नव्हती.

१९३० च्या सुमारास हायडेलबर्गला रिशार्ड कून यांच्या लॅबमध्ये एडगर लेडरर नावाचा तरुण कॅरोटीनवर काम करू लागला. कॅरोटीन एकच आहे की दोन, असा प्रश्न होता. लेडररने पामरचं पुस्तक वाचलं आणि तिथे त्याला त्स्वेत भेटला. मग कून यांच्याकडून त्याला त्स्वेतच्या रशियन ग्रंथाचं जर्मन भाषांतर मिळालं. आणि हे भाषांतर कुणी करवून घेतलं होतं माहीत आहे? विलश्टेटरनी! ज्यांच्यामुळे पद्धत बाजूला पडली, त्यांच्याच कपाटातून ती परत बाहेर आली.

लेडररने त्स्वेतने सांगितलं होतं तसं केलं. अटी पाळल्या, आणि पट्टे उमटले. १९३१ मध्ये कून, विंटरश्टाइन आणि लेडरर यांचे लेख आले आणि दोन-तीन वर्षांत युरोपातल्या लॅबमध्ये नळ्याच नळ्या दिसू लागल्या. कून यांना १९३८ चं नोबेल जाहीर झालं. १९४१ मध्ये इंग्लंडच्या लीड्समध्ये, लोकरीच्या संशोधन संस्थेत काम करणाऱ्या मार्टिन आणि सिंज यांनी पद्धतीला नवं रूप दिलं. त्यांनी तेव्हाच सांगितलं की पूड खूप बारीक आणि दाब खूप जास्त ठेवला तर वेगळं करणं आणखी चांगलं होईल. त्यांना १९५२ चं नोबेल मिळालं. १९६० च्या दशकाच्या शेवटी ती कल्पना प्रत्यक्षात आली आणि एचपीएलसी जन्माला आली. औषधांपुरतं बोलायचं तर १९३८ मध्येच खारकोवला इझमाइलोव आणि श्रायबर यांनी काचेवर पुडीचा पातळ थर देऊन त्यावर औषधी वनस्पतींचे अर्क तपासले होते. पानातून निघालेली पद्धत आता औषधात शिरली होती.

खडूच्या नळीपासून औषधाच्या लॅबपर्यंत

आज आमच्या जावळी तालुक्यातली मुलंमुली बी. फार्म., एम. फार्म. करून लोटे, कुरकुंभसारख्या एमआयडीसीत क्यूसीला लागतात, तेव्हा त्यांच्यापुढे असते ती त्स्वेतचीच नळी. फक्त ती आता स्टीलची असते, साधारण २५ सें.मी. लांब आणि ४.६ मि.मी. आतल्या व्यासाची. आत खडूऐवजी सिलिकाचे ५ मायक्रॉनचे कण, त्यांवर कार्बनच्या १८ अणूंच्या साखळ्या बसवलेल्या. द्रावक पंपाने शेकडो पटीच्या दाबाखाली ढकलतात. डोळ्यांऐवजी अल्ट्राव्हायोलेट डिटेक्टर पाहतो, म्हणून रंगहीन औषधही दिसतं. पट्ट्याऐवजी स्क्रीनवर पीक येतं. पीक किती मिनिटांनी आलं त्यावरून द्रव्य कोणतं याचा अंदाज, आणि पीकचं क्षेत्रफळ किती त्यावरून ते किती आहे याचं माप.

पण पीक आलं म्हणजे झालं का? नाही! नव्या औषधासाठी पद्धत बसवायला आठवडे, कधी महिने लागतात. द्रावकात पाणी किती, मिथेनॉल किती, पीएच किती, वेग किती, हे सगळं बदलून बदलून पाहायचं. म्हणजे त्स्वेतच्या त्या शंभर पुडींचंच काम. आणि पद्धत बसली की तिची परीक्षा घ्यायची. तिला म्हणतात व्हॅलिडेशन. या परीक्षेतले पेपर बघा.

पहिला, पद्धत फक्त त्याच औषधाला ओळखते का? त्यासाठी औषध मुद्दाम आम्लात, अल्कलीत, उन्हात, उष्णतेत बिघडवतात आणि बिघडलेल्याचं पीक चांगल्याच्या पीकमध्ये मिसळत नाही ना ते बघतात. दुसरा, औषध दुप्पट केलं तर पीकही दुप्पट होतं का, म्हणजे ग्राफ सरळ रेषेत येतो का? तिसरा, माहीत असलेलं औषध मुद्दाम घातलं तर तेवढंच परत मोजलं जातं का? चौथा, तोच नमुना पुन्हा पुन्हा घातला तर तोच आकडा येतो का, आणि आज एकाने, उद्या दुसऱ्याने केला तरी येतो का? पाचवा, कमीत कमी किती औषध ओळखता येतं आणि किती विश्वासाने मोजता येतं? सहावा, पीएच किंवा तापमान जरासं हललं तर पद्धत कोलमडते का? हे सगळे पेपर सुटल्याशिवाय त्या पद्धतीच्या आकड्यावर बॅच बाजारात सोडता येत नाही. पॅरासिटॅमॉलच्या गोळीत लिहिलेल्या मापाच्या ९५ ते १०५ टक्के औषध असायला हवं, म्हणजे ५०० च्या गोळीत ४७५ ते ५२५ मि.ग्रॅ. आता मोजण्याची पद्धतच दहा टक्के इकडेतिकडे होत असेल, तर चांगली गोळी फेकली जाईल आणि वाईट गोळी पास होईल!

याची किंमत काय असते ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे.जे. हॉस्पिटलमध्ये ग्लिसरीन दिल्यानंतर १४ पेशंट दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होतं. दोन्ही द्रव रंगहीन, दाट, गोडसर. डोळ्यांना, जिभेला फरक कळणं शक्य नाही. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषध खरेदी आणि तपासणीतल्या भयंकर गोष्टी बाहेर काढल्या. याच विषाने २०२२ मध्ये गांबियात आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधातून लहान मुलं गेली. आणि वाईट याचं वाटतं की ही दोन द्रव्यं क्रोमॅटोग्राफीने सहज वेगळी होतात. बाजारात एक मित्र पुढे, एक मागे! पण नमुना नळीत घातला तरच ना? पद्धत कपाटात असून उपयोग नाही, ती प्रत्येक बॅचला वापरावी लागते.

आपल्यासाठी काय?

त्स्वेतच्या आयुष्यात रडण्यासारखं खूप आहे. आई नाही, दोनदा डिग्र्या, मोठ्यांचा विरोध, युद्ध, वणवण आणि अवेळी मरण. पण मला त्याच्याकडे पाहून दया येत नाही. मला आठवते ती त्याची वही. कोणती पूड, किती बारीक, कोणतं द्रावक, काय बिघडलं, काय चाललं, हे सगळं त्याने लिहून ठेवलं होतं. तो गेल्यावर बारा वर्षांनी, दुसऱ्या देशात, त्याला कधीही न भेटलेल्या मुलाने ते वाचून केलं आणि तेच पट्टे पुन्हा उमटले. व्हॅलिडेशन म्हणजे तरी दुसरं काय? मोठ्या नावाच्या माणसाने मान्य केलं म्हणून पद्धत खरी ठरत नाही आणि त्याने नाकारलं म्हणून खोटीही ठरत नाही. दुसऱ्या कुणीतरी त्याच अटींवर करून बघितली आणि तोच निकाल आला, की ती खरी.

आता आपल्या सबमिशनच्या आदल्या रात्रीचा विचार करा. आकडे आधी ठरतात, रीडिंग मागून येतात आणि जर्नल एकाचं बघून चाळीस जण लिहितात. मार्क मिळतातही. पण त्या जर्नलवरून दहा वर्षांनी कुणी तो प्रयोग करायला बसला तर त्याला काय मिळेल? आपण उद्या पूल बांधू, ब्रेक डिझाइन करू, औषधाच्या प्लँटमध्ये पंप आणि सेन्सर बसवू. तिथे चुकीचं रीडिंग फक्त लाल शेऱ्यावर भागत नाही.

जाता जाता एक छोटा प्रयोग. मेसमधून पालकाची चार पानं आणा, चुरगाळून थोड्या ॲसिटोनमध्ये, म्हणजे साध्या नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये भिजवा. जवळपास ज्योत नको आणि खिडकी उघडी ठेवा. त्या हिरव्या पाण्याच्या पातळ थरात एक पांढरा खडू उभा करा. हल्ली फळ्याचे खडू बहुतेक जिप्समचे असतात, त्स्वेतच्या पुडीसारखे नसतात, तरीही थोड्या वेळात खडूवर हिरवा मागे राहील आणि पिवळा पुढे चढेल. पट्टे दिसले की खडू कोणता, पानं किती, वेळ किती हे तारखेसकट लिहून ठेवा. आणि शेजारच्या खोलीतल्या मित्राला तेच वाचून करायला सांगा. त्याच्या खडूवरही पिवळा वर चढला, तर समजा व्होरोनेझमध्ये एकटा पडून गेलेला तो माणूस पुन्हा एकदा बरोबर ठरला.